तोडगा निघेलच

अमेरिकेत सामाजिक भांडणाकडे पाहण्याची एक ठरावीक रीत आहे. वैर गोऱ्या-काळ्यांचे असो, जुन्या रहिवाशांचे आणि नव्या स्थलांतरितांचे असो, की गर्भपातासारख्या प्रश्नावरचे असो, ते सुटण्यासारखे आहे, फक्त योग्य पद्धत सापडायची बाकी आहे, असे तिथे मुळातच धरून चालतात. दंगल झाली की आयोग बसतो, विद्यापीठे प्रयोग मांडतात, एखादे प्रतिष्ठान पैसा पुरवते, मध्यस्थ तयार होतात आणि थोड्याच वर्षांत त्या सगळ्याची हस्तपुस्तिका छापून निघते. जुन्या जगातल्या बहुतेक समाजांनी अशी वैरे पिढ्यान्‌पिढ्या निभावून नेली. ती संपतील अशी अपेक्षा फारशी ठेवली नाही. अमेरिकेने ठेवली. या अपेक्षेने त्या देशाकडून काही मोठी कामे करून घेतली, आणि त्याची काही वेळा मोठी फसगतही केली.

या आशावादाचे एक मूळ राज्यघटनेच्या काळात आहे. जेम्स मॅडिसनने 1787 मध्ये नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' मालिकेतील दहाव्या लेखात गटबाजीचा विचार केला. माणसांची मते आणि हितसंबंध वेगळे असतात, म्हणून गट पडणारच. गट नाहीसे करायचे तर स्वातंत्र्यच नाहीसे करावे लागेल. तेव्हा प्रजासत्ताक मोठे असू द्यावे, त्यात इतके गट असावेत की कोणा एकाला कायमचे बहुमत जमवता येऊ नये, असा त्याचा युक्तिवाद होता. मॅडिसन भाबडा नव्हता. माणसाच्या चांगुलपणावर त्याने काहीही सोपवले नाही. पण यंत्रणा नीट रचली तर भांडण आवाक्यात राहते, हा त्याचा विश्वास पुढच्या पिढ्यांनी उचलला आणि हळूहळू भांडण आवाक्यात राहते याऐवजी ते मिटतेच, असे मानायला सुरुवात केली.

दुसरे मूळ जमिनीत आहे. शेजाऱ्याशी पटले नाही तर पश्चिमेला सरकायला जागा होती. इलिनॉयमध्ये जमावाने संस्थापकाचा खून केल्यावर मॉर्मन पंथाचे लोक 1847 मध्ये थेट युटाच्या वाळवंटात जाऊन वसले. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ही मोकळीक उभी होती त्यांच्याशी समेट करण्याचा प्रश्न बहुसंख्य गोऱ्यांना प्रश्नच वाटत नव्हता. अमेरिकी सलोख्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते: दोन पक्षांचे जुळते तेव्हा किंमत बहुधा तिसराच मोजत असतो.

गुलामगिरीच्या वादात तडजोडीची कला कळसाला पोचली होती. केंटकीचा हेन्री क्ले याला तर 'थोर तडजोडकार' अशी उपाधीच मिळाली. 1820 मध्ये मिसुरी गुलामगिरीचे राज्य म्हणून आणि मेन मुक्त राज्य म्हणून संघात घेऊन तोल राखला गेला. 1850 मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राहिले, पण त्या बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा अधिक कडक झाला. प्रत्येक वेळी वॉशिंग्टनमध्ये सुटकेचा निःश्वास टाकला गेला. 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुना तोल मोडला आणि कॅन्ससमध्ये माणसे मारली जाऊ लागली. मार्च 1861 मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना अब्राहम लिंकनने दक्षिणेला सबुरीचे आवाहन केले; पाच-सहा आठवड्यांत तोफा सुरू झाल्या. चार वर्षांच्या यादवीत किमान 6,20,000 सैनिक मेले. फ्रेंच प्रवासी अलेक्सी द तोकव्हिल याने 1835 मध्येच लिहून ठेवले होते की अमेरिकी लोकशाही बरेच काही पचवील, पण वर्णाचा प्रश्न गुलामगिरी संपल्यावरही सुटणार नाही. बाहेरच्या माणसाला ते दिसले.

युद्धानंतरचा समेट तर आणखी बोधप्रद आहे. घटनेत तेरावी, चौदावी आणि पंधरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी गेली, काळ्यांना नागरिकत्व आणि काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला. पण 1877 मध्ये उत्तर आणि दक्षिणेतील गोऱ्या पुढाऱ्यांचे जमले, दक्षिणेतील संघीय फौजांचा पहारा संपला आणि काळ्यांचे हक्क हळूहळू कागदावर उरले. 1913 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक त्या रणभूमीवर जमले. ज्या दगडी कुंपणापाशी त्यांनी एकमेकांना मारले होते तिथेच त्यांनी हातात हात घातले. छायाचित्रे सुंदर आहेत. अध्यक्ष वुड्रो विल्सनने तिथे भाषण करून वैर संपल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी त्याच्या सरकारने वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली.

याच सुमारास युरोपातून लाखो स्थलांतरित येत होते. त्यांच्याबाबतच्या आशावादाला नाव मिळाले ते एका नाटकावरून. इस्रायल झँगविल या ब्रिटिश ज्यू लेखकाचे 'द मेल्टिंग पॉट' 1908 मध्ये वॉशिंग्टनला रंगमंचावर आले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट प्रेक्षकांत होते. सगळ्या वंशांचे लोक अमेरिका नावाच्या मुशीत वितळून नवा माणूस घडेल, ही त्यातली कल्पना. डेट्रॉइटजवळच्या फोर्ड कारखान्याने ती अक्षरशः अमलात आणली. कंपनीच्या इंग्रजी शाळेतून उत्तीर्ण झालेल्या परदेशी कामगारांच्या समारंभात रंगमंचावर एक प्रचंड भांडे ठेवलेले असे. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात जहाजाच्या देखाव्यातून उतरून त्या भांड्यात शिरत, शिक्षक लांब पळ्यांनी ते ढवळल्याचा अभिनय करत, आणि दुसऱ्या बाजूने तेच कामगार सूट घालून, हातात अमेरिकी झेंडे घेऊन बाहेर येत. इतका निखळ आणि इतका दांडगा आशावाद दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

त्याला हरकत घेणारेही होते. होरेस कॅलनने 1915 मध्ये लिहिले की वितळण्याची गरजच काय. वेगवेगळ्या वाद्यांचा मेळ जमावा तसे समाज एकत्र नांदू शकतात. पुढच्याच वर्षी रँडॉल्फ बोर्न या तरुण निबंधकाराने असाच सूर लावला. वाद वितळावे की वेगळे राहावे एवढाच होता. एकत्र नांदता येईल याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. मुशीत कोणाला घ्यायचे हे मात्र संसद आणि न्यायालये ठरवत होती. चिनी मजुरांना 1882 पासूनच दार बंद होते. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाला 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या अर्थाने गोरा न मानता नागरिकत्व नाकारले, आणि 1924 च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांचाही ओघ आटवला.

1919 च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल होऊन 38 माणसे मेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगात गोरे आणि काळे दोन्ही सदस्य होते आणि त्याचा अहवाल, 1922 साली निघालेला, आजही अभ्यासू म्हणून वाखाणला जातो. दंगल, आयोग, अहवाल हा क्रम इथून रूढ झाला. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट पार्क याने वंशसंबंधांचे एक चक्रच मांडले: आधी संपर्क, मग स्पर्धा, मग जुळवून घेणे आणि शेवटी एकरूपता. चक्र पुढेच जाते असे त्याचे म्हणणे होते. हा आशावाद आता समाजशास्त्राचा नियम म्हणून शिकवला जाऊ लागला.

त्याला सर्वांत भारदस्त रूप दिले ते एका परदेशी माणसाने. कार्नेगी प्रतिष्ठानाला काळ्यांच्या स्थितीचा मोठा अभ्यास करवून घ्यायचा होता आणि त्यासाठी वसाहती नसलेल्या देशातला तज्ज्ञ हवा होता. स्वीडनचा अर्थशास्त्रज्ञ गुनार मिर्डाल 1938 मध्ये आला, दक्षिणेत मोटारीने फिरला, राल्फ बंचसारख्या कृष्णवर्णीय अभ्यासकांना बरोबर घेतले आणि 1944 मध्ये सुमारे 1,500 पानांचा 'ॲन अमेरिकन डिलेमा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सूत्र सोपे होते. स्वातंत्र्य आणि समता ही श्रद्धा प्रत्येक अमेरिकी माणूस मानतो. काळ्यांना वागवताना तो ती मोडतो. म्हणून हा झगडा मुख्यतः गोऱ्या माणसाच्या मनातलाच आहे. विसंगती दाखवून दिली की सदसद्विवेक जागा होईल. अमेरिकी वाचकाला हे ऐकायला आवडले यात नवल नाही: भांडणात दोषी ठरूनही तो मुळात चांगलाच ठरत होता. त्रिनिदादमध्ये जन्मलेला समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स याने 1948 मध्ये यावर कठोर टीका केली. वर्णभेद हा मनाचा गोंधळ नसून स्वस्त मजूर मिळवण्याची व्यवस्था आहे, असे त्याचे म्हणणे होते. कॉक्सला तेव्हा फारसे वाचक मिळाले नाहीत. मिर्डालचा हवाला 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ब्राउन खटल्यातील निकालाच्या तळटीपेत आला.

त्या निकालाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तोही नऊ विरुद्ध शून्य मतांनी. योगायोग असा की त्याच वर्षी सामाजिक मानसशास्त्रातील दोन प्रसिद्ध गोष्टी घडल्या. हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्टने पूर्वग्रहावरील आपल्या पुस्तकात संपर्काचा सिद्धांत मांडला. दोन गटांची माणसे एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतो, पण त्याला अटी आहेत: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम सहकार्याचे हवे, आणि वरून कायद्याचा वा अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. दुसरी गोष्ट ओक्लाहोमाच्या रॉबर्स केव्ह उद्यानातील शिबिराची. ते भरवणारा मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ याचे बालपण तुर्कस्तानात ग्रीक-तुर्क संघर्षाच्या छायेत गेले होते. त्याने एकमेकांना न ओळखणारी, सुमारे अकरा वर्षांची 22 मुले निवडली आणि त्यांचे दोन गट केले. रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसे अशा चढाओढी लावताच मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, तर अन्न फेकाफेकी झाली. नुसत्या सहवासाने काही साधले नाही. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला, अडकलेली गाडी दोराने ओढायची वेळ आली, सिनेमासाठी वर्गणी काढावी लागली, तेव्हा कुठे मुले एक झाली. परत जाताना एकाच बसने जायचे त्यांनी मिळून ठरवले.

शेरीफच्या या प्रयोगावर पिढ्या पोसल्या. त्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: आदल्या वर्षी न्यू यॉर्क राज्यात अशाच शिबिरात मुलांनी भांडायलाच नकार दिला होता आणि प्रयोग गुंडाळावा लागला होता. शिवाय रॉबर्स केव्हची सगळी मुले गोरी, प्रोटेस्टंट आणि मध्यमवर्गीय होती. पाण्याची टाकी दोघांना सारखीच लागत होती. मिसिसिपीत तसे नव्हते.

तरी विद्येचा हा प्रवाह वाया गेला नाही. 1971 मध्ये टेक्ससच्या ऑस्टिन शहरात शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सनने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणाचाही धडा पूर्ण होईना. ही पद्धत आजही वापरतात. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतो असेच आढळले. फरक मोठा नाही, पण आहे.

संपर्क मुळात घडवून आणणे हे मात्र वेगळे काम होते. ब्राउन निकालानंतर दहा वर्षे न्यायालयाचा आदेश, चर्चमंडळींची आवाहने आणि तज्ज्ञांचे अहवाल हे सगळे चालू होते. 1964 मध्ये दक्षिणेतील काळ्या मुलांपैकी गोरी बहुसंख्या असलेल्या शाळांत जाणारी मुले होती 2.3 टक्के. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचा संघीय पैसा रोखण्याची सोय केली, न्यायालयांनीही मुदती द्यायचे थांबवले, आणि 1970 मध्ये हाच आकडा 33.1 वर गेला. 1988 मध्ये तो 43.5 पर्यंत चढला. पुढे न्यायालयांनी एकेक करून आदेश मागे घेतले आणि आकडा पुन्हा उतरू लागला. मने बदलल्यावर शाळा बदलतील असे म्हणणाऱ्यांना हे आकडे फारसे साथ देत नाहीत.

1964 च्या कायद्यातच अमेरिकी आशावादाचे एक खास अपत्य आहे. त्याने सामुदायिक संबंध सेवा नावाची सरकारी मध्यस्थ यंत्रणा निर्माण केली. तिला दंड करण्याचा अधिकार नव्हता. गावात तणाव झाला की जायचे, दोन्ही बाजूंशी गुप्तपणे बोलायचे आणि वाट काढायची. फ्लोरिडाचे माजी राज्यपाल लेरॉय कॉलिन्स तिचे पहिले प्रमुख. 7 मार्च 1965 रोजी अलाबामातील सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपले. दोन दिवसांनी मार्टिन ल्यूथर किंग दुसरा मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा कॉलिन्सनी दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेतले की मोर्चा पुलापर्यंत येईल, प्रार्थना करील आणि परत फिरेल. तसेच झाले. त्या दिवशी रक्त सांडले नाही, हे मध्यस्थीचे खरे यश. पण माँटगोमेरीपर्यंतचा मोर्चा शक्य झाला तो न्यायाधीशाचा आदेश आणि सैन्याचे संरक्षण मिळाल्यावर. कॉलिन्सचे पुढे काय झाले? 1968 मध्ये ते सिनेटची निवडणूक लढले; विरोधकांनी त्यांचे किंगबरोबर चालतानाचे छायाचित्र मतदारांत पसरवले; ते हरले.

किंग स्वतः या बाबतीत भोळे नव्हते. धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर याने 1932 मध्येच उदारमतवाद्यांना बजावले होते की एकटा माणूस उपदेशाने सुधारेल, पण गट आपली सत्ता दबावाशिवाय सोडत नाही. किंगनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नीबूरचा उल्लेख आहे. बहिष्कार, धरणे, तुरुंग भरणे हे त्या दबावाचे मार्ग होते.

महाराष्ट्राचा या विचारपरंपरेशी थेट संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्युई त्यांचे शिक्षक होते. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा ड्युईंचा विचार त्यांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या लेखनात वापरला. पण ड्युईंचा भरवसा शिक्षणावर अधिक होता; बाबासाहेबांनी सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट न पाहता राखीव जागा आणि घटनात्मक संरक्षण मागितले. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले, कारण अमेरिकेतील काळ्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याच्या प्रयत्नाची माहिती त्यांना हवी होती. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. 2023 मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर.

तिकडे अमेरिकेत सेल्मानंतर आलेल्या मताधिकाराच्या कायद्यावर 6 ऑगस्ट 1965 रोजी सही झाली आणि पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. 34 मृत्यू झाले. 1967 मध्ये डेट्रॉइट आणि नेवार्क जळाले. अध्यक्ष जॉन्सननी नेमलेल्या कर्नर आयोगाने फेब्रुवारी 1968 मध्ये अहवाल देऊन देश दोन विषम समाजांत फाटत चालल्याचे सांगितले आणि त्यासाठी गोऱ्या समाजाच्या वंशवादाला जबाबदार धरले. अहवालाच्या लाखो प्रती खपल्या, जॉन्सननी तो बाजूला ठेवला. आयोगापुढे साक्ष देताना मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्कनी सांगितले होते की 1919 च्या शिकागोच्या दंगलीचा अहवाल वाचताना पुढच्या दंगलींचेच अहवाल वाचत असल्यासारखे वाटते. निदान तेच, शिफारशी त्याच आणि निष्क्रियताही तीच.

सत्तरीनंतर हा आशावाद व्यवसाय झाला. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे 'गेटिंग टू येस' 1981 मध्ये निघाले आणि वाटाघाटी ही शिकवता येणारी विद्या ठरली. मूळ कल्पना त्याहून जुनी, बोस्टनच्या मेरी पार्कर फॉलेट यांची. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. तेव्हा शेजारच्या खोलीतली उघडावी, हे त्यांचे उदाहरण. हीच पद्धत परदेशात गेली. 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस बसवून जिमी कार्टरनी इजिप्त-इस्रायल समझोता घडवला. 1995 मध्ये ओहायोतील डेटनच्या हवाई तळावर तीन आठवड्यांत बोस्नियाचे युद्ध थांबले, पण त्याआधी नाटोची विमाने बॉम्ब टाकून गेली होती. 2000 मध्ये कॅम्प डेव्हिडलाच पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर अशीच बैठक झाली. हाती काही लागले नाही.

देशात या पद्धतीची सर्वांत प्रामाणिक कसोटी गर्भपाताच्या वादात लागली. 30 डिसेंबर 1994 रोजी बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये एका बंदूकधाऱ्याने गर्भपाताची सोय असलेल्या दोन दवाखान्यांत गोळीबार करून दोन स्त्री कर्मचाऱ्यांना ठार केले. त्यानंतर सहा स्त्रिया गुप्तपणे भेटू लागल्या. तिघी गर्भपाताच्या हक्काच्या चळवळीतल्या, तिघी विरोधी चळवळीतल्या, सगळ्या नेतृत्व करणाऱ्या. भ्रूणाला काय म्हणायचे इथपासून अडत होते. पाच वर्षांहून अधिक काळ त्या भेटत राहिल्या आणि जानेवारी 2001 मध्ये 'बोस्टन ग्लोब'मध्ये त्यांनी एकत्र लेख लिहिला. एकमेकींबद्दल आदर आणि जिव्हाळा वाढला होता, जाहीर भाषा सौम्य झाली होती, धोक्याची चाहूल लागली तर एकमेकींना सावध करण्याइतका विश्वास होता. मुख्य प्रश्नावर मात्र एकीचेही मत हलले नव्हते. उलट प्रत्येकीचे अधिक पक्के झाले होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973 चा आपलाच निकाल फिरवला आणि वाद पुन्हा पन्नास राज्यांत विखुरला. इथे शेजारच्या खोलीत खिडकी नव्हती.

यश मोजायचे तर विवाहाचे आकडे बोलके आहेत. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला 1958 मध्ये फक्त 4 टक्के अमेरिकी लोकांची पसंती होती. 2021 मध्ये ती 94 टक्के झाली. मधे 1967 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ज्याने असे विवाह रोखणारे राज्यांचे कायदे रद्द केले तेव्हा बहुसंख्य लोक त्या विवाहांच्या विरोधातच होते. दुसरीकडे, आपल्या मुलाने वा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केलेले आवडणार नाही असे 1960 मध्ये सुमारे 5 टक्के लोक म्हणत. 2010 मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश तसे म्हणू लागले. 2016 च्या निवडणुकीनंतर ओहायोत सुरू झालेली 'ब्रेव्हर एंजल्स' ही संस्था दोन्ही पक्षांच्या माणसांना सारख्या संख्येने समोरासमोर बसवते. तिच्या बैठकांचा आराखडा एका कुटुंबसमुपदेशकाने केलेला आहे. येणारी माणसे स्वेच्छेने येतात, म्हणजे ज्यांनी यायला हवे ती बहुधा येत नाहीत. आणि वर्णभेदाच्या वेळी आशावादाच्या पाठीशी जे कायदे, न्यायालये आणि निधीची वेसण होती, त्यांतले काहीच राजकीय पक्षांतील वैराला लागू पडत नाही, कारण त्या सगळ्या संस्था कोणाच्या हाती असाव्यात हाच तर आता भांडणाचा विषय आहे.